भाग २७ : भाड्याची बाल्कनी आणि एका हंगामाची फुलं

पाऊस लागलाय, कपडे वाळायचं नाव घेत नाहीयेत, आणि आमच्या इनबॉक्समध्ये नेहमीप्रमाणे झाडांचे फोटो यायला लागलेत. आजचा भाग त्या फोटोंसाठी. लोकलमध्ये रेंज गेली म्हणून भाग अर्धवट सुटला असेल, तर ही घ्या त्याची लिखित आवृत्ती. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे कसंय ना" तेवढे गाळलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका मेसेजपासून करते. एका श्रोत्याने लिहिलंय: "ताई, डिसेंबरमध्ये नर्सरीतून पेटुनियाच्या सहा कुंड्या आणल्या. जानेवारी-फेब्रुवारीत नुसता बहर होता. एप्रिलमध्ये सगळ्या वाळल्या. पाणी वाढवलं, खत घातलं, जागा बदलली, काही उपयोग झाला नाही. आई म्हणते, तुझ्या हाताला गुण नाही. आता परत झाडं आणू की नको?"

या अर्थाचे मेसेज दर वर्षी मे-जूनमध्ये येतात. आणि माझं उत्तर दर वर्षी तेच असतं: आणा, खुशाल आणा. तुमच्या हाताला चांगला गुण आहे. दोन महिने बहर आला तो त्याच हाताने आला ना? झाड मेलं ते तुमच्यामुळे नाही. त्याचा हंगाम संपला. नर्सरीवाल्याने फक्त ते सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून आज हंगामी फुलांबद्दल बोलू. ती अशी का वागतात, आपल्या महाराष्ट्राच्या हवेत कोणती कधी लावायची, आणि माझी आवडती कोणती. एक-दोन कुंड्यांची जागा असली तरी पुरे.

हंगामी म्हणजे नेमकं काय?

जास्वंद, मोगरा, अनंत ही झाडं वर्षानुवर्षं जगतात. त्यांना बहुवर्षायू म्हणतात. हंगामी किंवा वर्षायू झाडाचा हिशेब वेगळा. बी रुजलं, पानं आली, फुलं आली, बी धरलं, झाड गेलं. सगळं एका हंगामात. काही महिन्यांत जन्मापासून शेवटापर्यंत.

हे ऐकून वाईट वाटत असेल तर आपल्या शेताकडे बघा. भात, ज्वारी, गहू, हरभरा ही सगळी वर्षायूच. भाताचं खाचर पिवळं पडलं म्हणून शेतकरी कपाळाला हात लावत नाही, विळा काढतो. पेटुनिया पिवळी पडली की आपण मात्र स्वतःला दोष देतो.

झाड असं का करतं? कारण पुढचे महिने त्याला परवडणारे नसतात. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं उदाहरण घ्या. तिथे काळ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात पाणीच पाणी आणि उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. तिथे कायम उभं राहायचं म्हणजे दर वर्षी उन्हाळ्याशी मारामारी. म्हणून तिथल्या बऱ्याच छोट्या फुलझाडांनी सोपा मार्ग काढला. जूनमध्ये रुजायचं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलायचं, पाणी आटायच्या आत बी तयार करायचं आणि निघून जायचं. उन्हाळा काढतं ते बी. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सप्टेंबरमध्ये पिवळी सोनकी दिसते ना, तीही याच गावची. तुम्ही ट्रेकला जाऊन ज्याची रील बनवता, तो फुलोरा म्हणजे एका अर्थी निघण्यापूर्वीची घाई असते.

कारवी माहितीये? ती सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. सौदा तोच, मुदत तेवढी लांब.

आता पेटुनियाबद्दल एक बारीक गोष्ट. ती तिच्या मूळ हवेत एका वर्षापेक्षा जास्तही जगू शकते. पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती टिकत नाही, म्हणून इथे ती हंगामीच धरतात. उलटा प्रकार सदाफुलीचा. थंड देशांत ती हंगामी म्हणून विकतात, कारण तिथल्या बर्फात मरते. आपल्याकडे कंपाउंडच्या भेगेतही वर्षानुवर्षं जगते. तेव्हा "हंगामी" हा शब्द झाडाइतकाच तुमच्या गावच्या हवेवरही अवलंबून असतो.

फूल हवं की बी?

हा आजच्या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा. नुसता एवढाच लक्षात राहिला तरी चालेल.

झाडाच्या दृष्टीने फूल हे साधन आहे. उद्दिष्ट बी. पुरेसं बी धरलं की झाडाची फुलं कमी व्हायला लागतात, कारण त्याचं काम झालेलं असतं. म्हणून सुकत आलेलं फूल बी तयार होण्याआधीच कापून टाकलं, तर झाड पुन्हा कळ्या काढतं. त्याला वाटतं, अरे, बी तर झालंच नाही! झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेटुनिया या सगळ्यांना हे लागू आहे. आठवड्यातून दोनदा, चहा होईपर्यंतच्या वेळात होणारं काम आहे. पण नुसत्या पाकळ्या उपटू नका. फुलाखालचा फुगीर भाग, म्हणजे जिथे बी बनतं तो, देठासकट खालच्या पानापर्यंत कापा.

दुसरं काम म्हणजे शेंडा खुडणे. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की वरचा कोवळा शेंडा नखाने खुडायचा. जिवावर येतं, मान्य आहे. पण शेंड्यात तयार होणारं एक संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एकाच्या जागी चार फांद्या होतात आणि फुलं तितकी जास्त. झेंडू आणि झिनिया यांचा शेंडा जरूर खुडा. एकच मोठं फूल देणारं सूर्यफूल आणि एकच मोठा तुरा काढणारा कोंबडा यांच्या शेंड्याला मात्र हात लावू नका. त्यांचं सगळं भांडवल तिथेच असतं.

आधी बाल्कनी ओळखा

रोप आणायच्या आधी मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि बाल्कनीत उभं राहून दिशा बघा. बहुतेक फुलणाऱ्या हंगामी झाडांना दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. "उजेड येतो" म्हणजे ऊन येतं असं नाही.

दक्षिणेकडची बाल्कनी हिवाळ्यात राजा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि ऊन खोलवर आत येतं. पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथस यांची जागा ही. पूर्वेची बाल्कनी सौम्य, जवळजवळ सगळ्यांना चालणारी. पश्चिमेची उन्हाळ्यात भट्टी असते, तिथे काटक झाडंच हवीत. उत्तरेची बाल्कनी सगळ्यात कठीण. मात्र पुण्यासारख्या ठिकाणी साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेवढ्या काळात उत्तरेलाही थोडं ऊन मिळतं. पण तेव्हाच ढग येतात, हे तिचं नशीब.

आणखी एक, कुंड्या कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा. बाहेर लटकवलेली कुंडी वाऱ्यात सुटली तर खाली माणूस असू शकतो. आणि कुंडीखाली ताटली ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातीचं पाणी पडेल आणि बागकाम सोसायटीच्या मीटिंगमध्ये संपेल.

आता येते माझ्या आवडत्या फुलांकडे.

एक : तेरडा

पहिला मान याचा, कारण हा आपला, याच मातीतला. नर्सरीत त्याला बालसम म्हणतात. गुलाबी, जांभळा, लाल, पांढरा. फुलं खोडाला चिकटून, पानांच्या आडोशाला येतात. पावसाळ्यात त्याला काही शिकवावं लागत नाही. अर्धवट उन्हातही फुलतो, त्यामुळे ज्यांच्या बाल्कनीत चार तासच ऊन येतं त्यांनी इथून सुरुवात करावी. पाणी मात्र त्याला भरपूर लागतं. पावसाने दोन दिवस दडी मारली की दुपारी मान टाकतो, पाणी मिळालं की संध्याकाळी परत उभा.

कोकणात आणि इतरही काही ठिकाणी गौरी म्हणून तेरड्याची रोपं मुळासकट घरात आणतात. म्हणजे भाद्रपदात ते झाड फुललेलं असणारच, ही खात्री लोकांना किती पिढ्यांपासून आहे बघा. गौरीच्या वेळी फुलं हवी असतील तर जूनमध्ये बी टाका, साधारण दोन महिन्यांत फुलतो.

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कुणी उत्साहाने जिम लावली की आई हमखास म्हणते. म्हण फुलापुरती ठीक आहे, एक फूल टिकतं थोडेच दिवस. पण झाड पुढची दीड-दोन महिने रोज नवी फुलं काढत राहतं. तेरड्यावर जरा अन्यायच झालाय.

आणि त्याची गंमत सांगते. बोंड पिकलं की नुसतं बोट लावा, फट्कन फुटतं, सालीच्या पट्ट्या गुंडाळतात आणि बिया उडतात. घरात लहान मूल असेल तर अर्धा तास निश्चिंत. झाडाचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स, लॅटिनमध्ये अर्थ "उतावीळ". बी हवं असेल तर हिरवट-पिवळ्या बोंडाला आधीच पातळ कापडाची पिशवी बांधून ठेवा.

दोन : झेंडू

दसऱ्याला दारावर, गाडीला, कॉम्प्युटरलाही झेंडू. इतका आपला की तो मूळचा मेक्सिकोचा आहे यावर विश्वास बसत नाही. तिथे आजही मृतांच्या स्मरणाच्या सणाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, झेंडूच्याच राशी लागतात. म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास तेच फूल पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही दारात असतं. टपोऱ्या झेंडूला आफ्रिकन आणि बुटक्या लाल-पिवळ्याला फ्रेंच म्हणतात, पण दोघांचाही जन्म अमेरिका खंडातला. नावं चुकीचीच चिकटलीत.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो छोट्या फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक "पाकळी" हे एक वेगळं फूल. म्हणूनच पिकलेला झेंडू उघडला की प्रत्येक पाकळीखाली एक काळी, सुईसारखी बी निघते.

पेरल्यापासून फुलापर्यंत साधारण दोन ते अडीच महिने. मग दसऱ्यापासून मागे मोजा. दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर असेल तर जुलैचा उत्तरार्ध ही पेरायची वेळ. कुंडी दहा इंची, एका कुंडीत एकच टपोरा झेंडू, किंवा बुटक्याची दोन रोपं.

दसऱ्याची माळ कुस्करून कुंडीत टाकली तर झाडं येतात का? येतात, पण दोन अडचणी. एक म्हणजे माळेतली फुलं ताजी तोडलेली असतात, त्यांचं बी बऱ्याचदा कच्चं असतं. दुसरी, बाजारातला टपोरा झेंडू बहुतेक संकरित असतो, त्याच्या बियांतून आईसारखंच फूल येईल याची हमी नाही. करून बघायला हरकत नाही, पण त्या भरवशावर दसऱ्याचं तोरण ठरवू नका.

बुटक्या झेंडूचा एक उपयोग शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. त्याच्या मुळांतलं एक द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतं. म्हणून टोमॅटो-वांग्याच्या शेतात झेंडू दिसतो. त्याचं तिथे असणं शोभेपुरतं नाही.

तीन : झिनिया

हाही मेक्सिकोचाच. रंग भडक, लाल, केशरी, गुलाबी, अगदी एसटी स्टँडवरच्या बांगड्यांच्या दुकानासारखे. बी मोठं असतं, हाताळायला सोपं, चार-सहा दिवसांत रुजतं, साधारण दोन महिन्यांत फुलतं. पहिल्यांदाच बी पेरणार असाल तर झिनिया घ्या. फुलपाखरं येतात, तेही तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत.

त्याचा शत्रू म्हणजे भुरी. पानांवर पांढरी पावडर शिंपडल्यासारखी दिसते. ती टाळायची तर रोपं दाटीने लावू नका, आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या.

पाण्यावरून एक खरी गोष्ट सांगते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया लावला होता. २०१५च्या डिसेंबरमध्ये ती झाडं ओलाव्याने बेजार झाली, पानांवर बुरशी आली. पाणी कधी द्यायचं हे तोवर जमिनीवरून, वेळापत्रकाने ठरत होतं. अंतराळवीर स्कॉट केली यांचं म्हणणं असं पडलं की झाडाकडे बघून काय ते मला ठरवू द्या. नासाने मग त्यांना झिनियाच्या देखभालीचं एक पानी टिपण पाठवलं आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. काही झाडं गेली, पण काही सावरली, आणि २०१६च्या जानेवारीत केली यांनी फुललेल्या झिनियाचा फोटो टाकला.

यातून आपण काय घ्यायचं? "रोज सकाळी एक तांब्या" हा नियम सोडायचा. बोटाचं एक पेर मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. पावसाळ्यात कुंडीतलं झाड पाणी जास्त झाल्याने मरतं, कमी पडल्याने क्वचित.

चार : चिनी गुलाब, ऊर्फ ऑफिस टाइम

नाव चिनी, मूळ दक्षिण अमेरिकेचं. आपल्या घोळाच्या भाजीचं हे सख्खं भावंड, पानं बघितलीत तर लगेच पटेल, तीच मांसल, पाणी साठवणारी. त्यामुळे मे महिन्यातली पश्चिमेची बाल्कनी हे झाड हसत काढतं. उथळ कुंडी, वाळू मिसळलेली माती, भरपूर ऊन, थोडं पाणी. शेजाऱ्यांकडून बोटभर कांडी मागून आणा, खोचा, लागली. बी विकत आणायची गरजच पडत नाही.

ऊन चढलं की फूल उघडतं, दुपारनंतर मिटतं. म्हणून ऑफिस टाइम. आता अडचण कळली का? तुम्ही सकाळी आठला बाहेर पडणार आणि रात्री आठला येणार असाल, तर तुम्हाला हे फूल रविवारीच दिसणार. ढगाळ दिवशी तर उघडतही नाही. तुमचं काम घरून असेल तर याच्यासारखा सोबती नाही.

पाच : सूर्यफूल

मोठी कुंडी हवी, बारा इंच तरी, आणि बुटकी जात निवडा. बी थेट त्याच कुंडीत पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही.

सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळतं, हे शाळेत शिकलोय. पण ते फक्त वाढीच्या वयात. फूल पूर्ण उमललं की वळणं थांबतं आणि ते पूर्वेकडे तोंड करून कायमचं उभं राहतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली 'सायन्स'मध्ये याचं कारण मांडलं. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं, आणि कोमट फुलाकडे मधमाश्या जास्त येतात. त्यांनी काही कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे फिरवून हे तपासलं.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की पूर्वेच्या बाल्कनीतलं सूर्यफूल बाहेर बघणार आणि तुम्हाला पाठ दाखवणार. समोरच्या बिल्डिंगवाल्यांची चैन. आणि एक-फुली जात कापली की पुन्हा फुलत नाही. सलग फुलं हवी असतील तर दर पंधरा दिवसांनी दोन-दोन बिया टाकत राहा.

हिवाळी मंडळी, थोडक्यात

पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, पॅन्सी, कॅलेंडुला, नस्टर्शियम. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बी, किंवा नोव्हेंबरमध्ये नर्सरीतून रोपं. पुणे, नाशिक, साताऱ्याच्या थंडीत ही मार्चपर्यंत बहरतात. मुंबईत थंडी छोटी आणि दमट, तिथे पॅन्सीच्या नादी न लागता पेटुनिया आणि डायंथसवर भर द्या. नस्टर्शियमची पानं-फुलं खाताही येतात, चव मोहरीसारखी तिखट.

नर्सरीत गेल्यावर फुलांनी लगडलेली कुंडी उचलायचा मोह होतो. त्याऐवजी कळ्या भरपूर आणि फुलं एक-दोन असलेली घ्या. पुढचा बहर तुमच्या घरी येईल. आणि जाती बघायच्या असतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डनला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत. नावांच्या पाट्यांचे फोटो काढून आणा, पुढच्या ऑक्टोबरची यादी तयार.

एक सावधानतेची गोष्ट

पिवळा-केशरी कॉसमॉस मला आवडतो. काही न करता येतो. पण "काही न करता येतो" हाच त्याचा धोका. पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला, टेकड्यांवर तो आपोआप पसरलाय आणि तिथल्या रानफुलांची जागा खातोय. कुंडीत लावा, बी कुंडीतच राहू द्या. ट्रेकला जाताना "निसर्गाला परत" म्हणून बागेतल्या बिया किल्ल्यावर उधळू नका, बीजगोळ्यांतही नको. सोनकी आणि रानतेरडा यांना आपल्या मदतीची नाही, मोकळ्या जागेची गरज आहे.

पेरायचं कसं?

माती, शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट, तिन्ही समान. भुसभुशीत व्हायला हवं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर. पेटुनियासारखं धुळीइतकं बारीक बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. पाणी स्प्रेने. पावसाळ्यात कोवळी रोपं रात्रीत बुडापासून कोलमडलेली दिसली तर ती बुरशी आहे. दाटी आणि ओलावा कमी करा, रोपं पावसाच्या थेट माऱ्यातून आत घ्या.

खताचा अतिरेक नको. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, फुलं मात्र शून्य. आणि दूध-साखरेच्या चहाचा चोथा तसाच कुंडीत टाकू नका, मुंग्या आणि चिलटं येतात. धुऊन, वाळवून टाका. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, नाही हटला तर कडुनिंबाचं तेल.

बी जपा

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते या सगळ्याचा गाभा.

आपल्यापैकी बरेच जण भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार, मग नवं घर, नवी बाल्कनी. मोठ्या कुंड्या टेम्पोत चढवताना निम्मी झाडं मोडतात, उरलेली शेजाऱ्यांना देऊन टाकावी लागतात. म्हणून लोक म्हणतात, स्वतःचं घर झालं की बाग करू. आणि ते कधी होईल, हे आपल्याला सगळ्यांना माहितीये.

हंगामी फुलांना स्वतःचं घर लागत नाही. त्यांचं आयुष्य तुमच्या करारापेक्षा लहान असतं. आणि जाताना ती बी देऊन जातात. अख्खी बाग पाकिटाच्या एका कप्प्यात मावते.

त्यासाठी हंगामाच्या शेवटी कापणी थांबवा. सगळ्यात निरोगी झाडावरची दोन-तीन फुलं राहू द्या, तपकिरी होऊन वाळेपर्यंत. मग बी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पुडीत घाला. प्लॅस्टिक नको, आत दमट होतं. पुडीवर नाव, रंग आणि महिना लिहा, कारण सहा महिन्यांनी काहीही आठवत नाही. पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात येते ती ओलावा शोषणारी छोटी पुडी. बियांना वयापेक्षा ओल जास्त मारते. पाकिटावर "एफ-१" किंवा "संकरित" लिहिलं असेल तर पुढच्या पिढीत रंग-आकार बदलेल, हे धरून चाला. गावठी तेरड्याच्या बाबतीत ही चिंता कमी.

यंदा गणपतीला गावी गेलात तर आजी-आजोबांच्या अंगणातल्या तेरड्याचं बी मागून आणा. कुठल्या दुकानात तो रंग मिळेलच असं नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले की तो तिथूनही जातो, आणि मग मागायला कुणी उरत नाही. तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या एका कुंडीत तो वाढला, तर तो टिकला.

आणि पेटुनियावाल्या मित्रा, तुला उत्तर: वाळलेली झाडं काढ, मुळं मोकळी कर, माती दोन दिवस पसरून ठेव, मूठभर गांडूळखत मिसळ. सहा कुंड्या आहेत ना? तीनमध्ये तेरडा, दोनमध्ये झेंडू, एकीत झिनिया. नोव्हेंबरमध्ये परत पेटुनिया. एप्रिलमध्ये ती जाईल, तेव्हा आईला भाताच्या खाचराचं उदाहरण दे.

तुमच्या भागात तेरड्याला, चिनी गुलाबाला काय म्हणतात ते आम्हाला व्हॉइस नोटने नक्की कळवा, निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत बोटाचं एक पेर मातीत, आणि मगच पाणी. भेटूया!